पाच पाकिटं पास झाली, म्हणून दोन हजार पास का?

मागच्या अंकात दुधातल्या जंतूंवर मी सहज चार ओळी लिहिल्या आणि इनबॉक्स भरून गेला. सगळ्यांना उत्तर देणं काही जमणार नाही, म्हणून ज्या पत्रांत बाकीच्यांचे प्रश्नही येऊन जातात तीच घेतलीयत. नावं गाळलीयत, दोघांनी तशी विनंती केली होती, मग म्हटलं सगळ्यांचीच गाळू.

प्रश्न: ताई, नमस्कार. मी आणि माझा भाऊ मिळून मऊ चीज बनवायचं छोटं युनिट चालवतो. एका बॅचला दोन हजाराच्या आसपास पाकिटं निघतात. दर बॅचची पाच पाकिटं लॅबला जातात आणि आजवर एकदाही लिस्टेरिया हा आजारी पाडणारा जंतू सापडलेला नाही. आता एक मोठा ग्राहक म्हणतोय की नुसता रिपोर्ट चालणार नाही, रिस्क असेसमेंट दाखवा. रिपोर्ट क्लीन आहे तर हे अजून काय मागतायत?

उत्तर: दादा, तुमची चिडचिड समजते, पैसे भरून टेस्ट करायची आणि वर परत ऐकून घ्यायचं. पण ग्राहक बरोबर बोलतोय. एक गणित करून बघू या. समजा तुमच्या दोन हजार पाकिटांपैकी शंभरात एक, म्हणजे वीस पाकिटांत लिस्टेरिया आहे. त्यातली कुठलीही पाच तुम्ही उचललीत. पाचही चांगलीच निघायची शक्यता किती? ०.९९ ला त्यानेच पाच वेळा गुणत जा, ०.९५ येतं. म्हणजे अशा खराब शंभर बॅचेस पाठवल्यात तर पंच्याण्णव वेळा तुम्हाला स्वच्छ रिपोर्ट मिळणार, आणि त्यात लॅबची काहीच चूक नाही, त्यांना जे दिलं त्यात खरंच काही नव्हतं. साठ पाकिटं तपासलीत तरी निम्म्याहून जास्त वेळा निसटतं. तीनशे तपासली तर कुठे शंभरात पंच्याण्णवच्या वर पकडलं जाईल, पण तपासायला फोडलेलं पाकीट परत विकता येत नाही, तीनशे फोडल्यावर धंदा काय करणार?

म्हणून रिपोर्ट बंद करा असं मी म्हणत नाहीये. दर बॅचचे रिपोर्ट एकाखाली एक लावून बघितले की काहीतरी बिघडायला लागलंय हे कधीकधी आधी कळतं, तेवढा त्याचा उपयोग नक्की आहे. पण माल सुरक्षित होतो तो बनवताना, टेस्टिंगने होत नाही.

आता रिस्क असेसमेंट. धोका आणि जोखीम हे शब्द आपण बोलताना एकाच अर्थाने वापरतो, या विषयात तसं करून चालत नाही. लिस्टेरिया हा जंतू म्हणजे धोका, हझार्ड. त्याच्यामुळे कुणी आजारी पडायची शक्यता किती आणि पडलंच तर किती गंभीर, हे दोन्ही मिळून जोखीम, म्हणजे रिस्क. ग्राहक तुम्हाला विचारतोय ते हे, की जंतू आत कुठून येऊ शकतो, आला तर तुमच्या चीजमध्ये वाढेल का, शेवटच्या तारखेपर्यंत किती होईल, आणि खाणारा कोण आहे.

वाढण्याच्या बाबतीत मऊ चीज जरा वाईट बसतं. लिस्टेरियाला वाढायला पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आंबट) साधारण ४.४ च्या वर लागतो आणि ओलावा लागतो, मऊ चीजमध्ये दोन्ही भरपूर, वरून माल फ्रीजमध्ये ठेवला तरी हा पठ्ठ्या फ्रीजमध्ये पण वाढतो, अगदी शून्य अंशाच्या आसपास सुद्धा, हळूहळू का होईना. मुरवलेलं कडक चीज कोरडं आणि खारट असतं, त्यात त्याचं फारसं जमत नाही. त्यामुळे शेजारच्या युनिटचं कडक चीज आणि तुमचं मऊ चीज, दोघांचा रिपोर्ट अगदी सारखा आला तरी जोखीम सारखी नाही.

आणि येतो कुठून, तर बहुतेक वेळा तापवल्यानंतर येतो. मी ज्या डेअरीच्या लॅबमध्ये होते (नाव नको) तिथे एका वर्षी पाकिटं सगळी क्लीन आणि पॅकिंग रूमच्या ड्रेनचे स्वॅब मात्र दर दोन आठवड्यांनी पॉझिटिव्ह, असं चार महिने चाललं. आम्ही ड्रेन धू धू धुतला, केमिकल बदललं, मजूर बदलले (ते अगदीच चुकीचं होतं, आज लाज वाटते). शेवटी मेंटेनन्सच्या एका म्हाताऱ्या मामांनी कन्व्हेअरचा एक रोलर काढून हलवून बघितला तर आत पाणी डुचमळल्याचा आवाज. रोलर पोकळ होता, टोकाच्या झाकणाला केसाएवढी भेग, रोज धुताना पाणी आत जायचं आणि रोज थोडं थोडं गळायचं. झाकण उघडलं तर आत काळा बुळबुळीत थर, वास असा की मी दोन पावलं मागे गेले. बाहेरून स्टील चकाचक. त्यातलं पाणी ठिबकत ड्रेनपर्यंत जात होतं आणि पाकिटं त्याच रोलरच्या वरून, फक्त वीतभर अंतरावरून. आमचे रिपोर्ट चार महिने क्लीन होते ते नशिबाने.

त्यामुळे पाकिटांच्या जोडीला स्वॅब सुरू करा, आणि स्वॅब घेणाऱ्याला सांगून ठेवा की पॉझिटिव्ह आणलास तर शाबासकी, नाहीतर लोक पुसलेल्या चकचकीत टेबलावरून स्वॅब फिरवतात आणि सगळं निगेटिव्ह येतं. गॅस्केट, फिलरच्या (पाकिटं भरणाऱ्या यंत्राच्या) नोझलची मागची बाजू, पोकळ पाइप, चाकं, ड्रेन, एवढं बघा. आणि ड्रेनवर जोरात होज मारणं बंद करा हो, तुषार उडतात आणि फिलरवर जाऊन बसतात.

स्वस्तातल्या दोन टेस्ट आहेत त्या रोज करा. एक फॉस्फटेज, दुधात मुळातच असलेलं एक एन्झाइम, बीजाणू (जंतूचं कवचबंद रूप) न करणारे चिवट रोगजंतू जेवढ्या उष्णतेत मरतात त्यापेक्षा थोड्या जास्त उष्णतेत ते नष्ट होतं, म्हणजे टेस्ट निगेटिव्ह आली की दूध नीट तापलं होतं असं धरता येतं. दुसरी कोलिफॉर्म, म्हणजे शेणात, आतड्यात आढळणारा जंतूंचा एक गट. ते पाश्चरायझेशनमध्ये सहज मरतात, तेव्हा तयार मालात दिसले म्हणजे नंतर शिरलेत, आणि ज्या वाटेने ते शिरले त्याच वाटेने लिस्टेरियाही शिरू शकतो. एवढं सगळं दोन-तीन पानांत लिहून ग्राहकाला दिलंत तरी त्याचं काम होईल, जाड फाइल लागत नाही.

प्रश्न: ताई, माझ्या धाकट्या बहिणीला पाचवा महिना चालू आहे. तिला चीज फार आवडतं, पण कोणी म्हणतं अजिबात नको, कोणी म्हणतं पाश्चराइज्ड असेल तर बिनधास्त खा. आणि फ्रीजमध्ये ठेवलं की जंतू वाढत नाहीत ना?

उत्तर: शेवटच्या प्रश्नापासून सुरू करते, कारण बरेच घोळ तिथेच होतात. फ्रीजने बहुतेक जंतू मंदावतात, पण वर लिहिलं तसं लिस्टेरियाला थंडी चालते. प्रयोगांत दुधात ४ अंशाला त्याची संख्या दुप्पट व्हायला साधारण दीड दिवस लागतो आणि ८ अंशाला साधारण अर्धा दिवस. ऐकायला फरक किरकोळ वाटतो ना? आता सहा दिवस धर. दीड दिवसाला दुप्पट म्हणजे चार वेळा दुप्पट, एकाचे सोळा. अर्ध्या दिवसाला दुप्पट म्हणजे बारा वेळा दुप्पट, एकाचे ४०९६. तेच पाकीट, तेवढेच दिवस, फक्त फ्रीज चार अंश गरम. आणि फ्रीजच्या दारातल्या कप्प्यात, जिथे आपण नेमकं दूध ठेवतो, तिथे दार सारखं उघडून ८ अंश सहज होतात. एक साधा थर्मामीटर पाण्याच्या ग्लासात बुडवून रात्रभर फ्रीजमध्ये ठेव आणि सकाळी उठल्या उठल्या बघ, मी माझ्या घरी बघितला तेव्हा ९ होता, आणि मी लोकांना फ्रीजवर लेक्चर देत फिरत होते.

आता बहीण. इथे जंतू किती यापेक्षा खाणारा कोण हे जास्त महत्त्वाचं ठरतं. गरोदर बाईला लिस्टेरियाचा संसर्ग व्हायची शक्यता इतरांच्या साधारण दहापट धरतात. तिला स्वतःला कदाचित नुसता फ्लूसारखा ताप येऊन जाईल, अंग दुखेल, ती म्हणेल झोप झाली नाही म्हणून असेल, पण जंतू वारेतून बाळापर्यंत पोचतो आणि गर्भपात किंवा बाळ पोटात दगावणं होऊ शकतं. १९८५ मध्ये कॅलिफोर्नियात मऊ चीजमधून लिस्टेरियाची साथ आली तेव्हा लॉस एंजेलिस काउंटीत १४२ केसेस नोंदल्या गेल्या, त्यातल्या ९३ गरोदर बायका किंवा त्यांची बाळं होती, आणि न जन्मलेली बाळं धरून ४८ मृत्यू. दुधाच्या पदार्थातल्या लिस्टेरियाकडे जगाने गंभीरपणे बघायला सुरुवात केली त्यात या साथीचा मोठा वाटा आहे.

मग काय करायचं? कच्च्या दुधाचं काहीही नको, मऊ चीज तर नकोच. कडक मुरवलेलं चीज बऱ्यापैकी निर्धास्त. पाश्चराइज्ड दुधाचं मऊ चीज खायचंच असेल तर ते वाफा येईपर्यंत गरम करून, पदार्थात शिजवून खाल्लेलं बरं, त्यात लिस्टेरिया मरतो. सुट्टं कापून विकलेलं, सुरी आणि पाट सगळ्यांना एकच, ते टाळा. आणि एक लक्षात ठेव, हा आजार लगेच दिसतो असं नाही, खाल्ल्यापासून लक्षणं यायला कधी कधी ७० दिवसांपर्यंत लागतात, त्यामुळे ताप आला तर डॉक्टरांना काल काय खाल्लं तेवढंच सांगून थांबू नका, मागच्या दोन महिन्यांतलं चीज पण सांगा.

प्रश्न: दूध नासलं, आंबट वास आला की मी फेकते आणि वास नसेल तर वापरते. बरोबर आहे ना?

उत्तर: अर्धं बरोबर. नासवणारे जंतू आणि आजारी पाडणारे जंतू ही दोन वेगळी बिऱ्हाडं आहेत. वास, चव, फाटणं हे पहिल्यांचं काम, आणि त्यातले बरेच तसे निरुपद्रवी. साल्मोनेला किंवा लिस्टेरिया आजारी पाडण्याइतके असले तरी दुधाला वास येईलच असं नाही. नासलेलं फेकताय ते फेका, पण वास नाही हे सर्टिफिकेट समजू नका.

प्रश्न: पाश्चराइज्ड म्हणजे जंतू मेलेले. तरी अधूनमधून पाश्चराइज्ड मालातून साथी आल्याच्या बातम्या येतात. मग पाश्चरायझेशनवर विश्वास ठेवायचा की नाही?

उत्तर: ठेवायचा, पण ते काय करतं आणि काय करत नाही हे समजून. ७२ अंशाला १५ सेकंद, किंवा जुन्या पद्धतीने ६३ अंशाला अर्धा तास, एवढ्यात लिस्टेरिया, साल्मोनेला, कॅम्पिलोबॅक्टर, क्षयाचा आणि ब्रुसेलाचा जंतू हे सगळे संपतात, म्हणजे लाखातला एखादा उरावा इतपत कमी होतात. हा लाखाचा हिशोब विसरू नका. कच्च्या दुधात एका मिलीला हजार असतील तर लाखाने भागून मिलीला ०.०१ उरतात, म्हणजे एका लिटरला दहा. तापवणारं यंत्र तेच, पण आत घाण दूध घातलं तर बाहेर तेवढंच चांगलं येईल असं नाही.

तीन प्रकारे गाडी घसरते आणि तिन्हींची नोंद झालेली उदाहरणं आहेत.

पहिलं, नंतर शिरणं. १९९४ मध्ये अमेरिकेत आईस्क्रीममधून साल्मोनेलाची साथ आली, आजारी पडलेल्यांचा अंदाज २ लाख २४ हजार. आईस्क्रीमचं मिश्रण व्यवस्थित पाश्चराइज केलेलं होतं. पण ते ज्या टँकरमधून कारखान्यात आलं त्या टँकरमधून आधी कच्च्या अंड्याचा द्रव नेला होता आणि पोचल्यावर मिश्रण पुन्हा तापवलं गेलं नाही. हे वाचल्यापासून मी कुठल्याही डेअरीत गेले की आधी टँकर धुतल्याची नोंदवही मागते, लोकांना वाटतं बाई प्लांट बघायला आलीय आणि गेटवरच का थांबलीय. इलिनॉयमध्ये १९८५ ला पाश्चराइज्ड दुधातूनच साल्मोनेला पसरला, लॅबमध्ये सिद्ध झालेल्या केसेसच १६ हजारांवर, आणि तिथे संशय गेला तो कच्च्या आणि तापवलेल्या दुधाच्या पाइपांमधल्या जोडणीवर.

दुसरं, विष. हे लोकांना सगळ्यात कमी माहीत असतं. स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जंतू आपल्या नाकात, हातावरच्या जखमेत आणि गायीच्या सुजलेल्या कासेत असतो. तो मरतो लगेच, पण दूध कोमट राहून त्याची संख्या एका मिलीला लाखाच्या वर गेली की तो एक विष तयार करतो आणि ते विष उकळूनही जात नाही. जपानमध्ये २००० साली १३ हजारांवर लोक आजारी पडले ते असेच. होक्काइदो बेटावरच्या कारखान्यात वीज गेली, दूध काही तास गरम अवस्थेत पडून राहिलं, जंतू वाढले, विष झालं, मग त्याच दुधाची पावडर केली. पावडर करताना तापवल्यावर जंतू मेले, विष राहिलं. महिन्यांनी ती पावडर ओसाकाकडे कमी फॅटच्या दुधात वापरली गेली. आता विचार करा, त्या पावडरीची जिवंत जंतूंची टेस्ट केली असती तर काय आलं असतं? क्लीन. त्यामुळे कुठल्याही युनिटची जोखीम बघताना मी विचारते की वीज गेली की तुम्ही काय करता, आणि 'जनरेटर आहे' हे उत्तर मला पुरत नाही, किती वेळाने दूध फेकायचं हे कुणी ठरवलंय आणि ते फेकायचा अधिकार रात्रपाळीच्या माणसाला आहे का ते सांगा. बहुतेक ठिकाणी नसतो.

तिसरं, बीजाणू. बॅसिलस सेरियससारखे जंतू कवच करून बसतात, पाश्चरायझेशनला जुमानत नाहीत, आणि दूध कोमट झालं की परत जागे होतात. म्हणून तापवल्यावर पटकन थंड करणं हे तापवण्याइतकंच महत्त्वाचं, घरी पण, पातेलं रात्रभर ओट्यावर नको.

प्रश्न: मॅडम, मी डेअरी टेक्नॉलॉजीच्या शेवटच्या वर्षाला आहे. रिस्क असेसमेंटच्या चार पायऱ्या पाठ आहेत पण 'एक्स्पोजर असेसमेंट' म्हणजे प्रत्यक्षात टेबलावर बसून काय करतात ते कुठल्याच पुस्तकात नीट कळलं नाही. प्लीज सोपं करून सांगा.

उत्तर: बरं झालं विचारलंस. बाकीच्या वाचकांसाठी त्या चार पायऱ्या पटकन सांगते, कोडेक्सने (अन्नाची आंतरराष्ट्रीय मानकं ठरवणारी संस्था) १९९९ मध्ये जंतूंसाठी जी मार्गदर्शक तत्त्वं काढली त्यातल्या आहेत: जंतू कोणता ते ओळखणं, तो किती डोसला कुणाला काय करतो ते बघणं, लोकांच्या तोंडात प्रत्यक्ष किती जातो ते काढणं, आणि शेवटी सगळं जोडून जोखीम मांडणं. तू विचारतेयस ती तिसरी.

एक कागद घे आणि दूध काढल्यापासून चमचा तोंडात जाईपर्यंतचा रस्ता काढ. प्रत्येक टप्प्यावर दोनच गोष्टी लिही, इथे संख्या वाढते का कमी होते आणि किती पटीने. कच्चं दूध साठवलं, वाढली. पाश्चराइज केलं, लाखाने कमी. फिलरवर थोडे परत आले. ट्रकमध्ये दोन तास १० अंश, वाढली. दुकान, घरचा फ्रीज, वाढली. शेवटी एक वाटी खाल्ली, म्हणजे किती गेले. झालं एक्स्पोजर असेसमेंट, बाकी सगळं याच्यावरचं गणित. फक्त प्रत्येक टप्प्यावर एकच आकडा लिहू नकोस. सरासरी फ्रीज ५ अंश असेल पण शंभरातले काही ९ अंशांवर असतात आणि आजारी पडणारी माणसं त्या थोड्या घरांत असतात, सरासरीत ती दिसतच नाहीत. म्हणून लोक कॉम्प्युटरवर तोच रस्ता हजारो वेळा चालवतात, दर वेळी वेगळा फ्रीज, वेगळे दिवस, वेगळी सुरुवात.

आता दोन पदार्थ शेजारी ठेव, दूध आणि आईस्क्रीम. दोन्हीत सुरुवातीला लिस्टेरिया सारखाच कमी. दूध फ्रीजमध्ये आठवडाभर वाढू देतं, आईस्क्रीम गोठलेलं, त्यात तो मरत नाही पण वाढतही नाही. एफएओ (संयुक्त राष्ट्रांची अन्न आणि शेती संघटना) आणि डब्ल्यूएचओने (जागतिक आरोग्य संघटना) २००४ मध्ये लिस्टेरियाचं जे मोठं असेसमेंट केलं त्यात हे दोन्ही पदार्थ घेतले होते, आणि त्यातून हे पुढे आलं की जवळजवळ सगळे आजार होतात ते खूप मोठ्या संख्येने जंतू असलेला घास खाल्ल्यामुळे, एखाद-दुसरा जंतू पोटात गेल्यामुळे नाही. म्हणून वाढ थांबवली की बरंचसं काम झालं. युरोपियन नियमात पण हाच विचार आहे, ज्या तयार खाण्यात तो वाढू शकत नाही तिथे ग्रॅमला १०० पर्यंत चालतं, जिथे वाढू शकतो तिथे २५ ग्रॅममध्ये एकही नको, मुदत संपेपर्यंत १०० च्या आत राहील हे बनवणाऱ्याने सिद्ध केलं नसेल तर.

पण लगेच आईस्क्रीमला शून्य जोखीम असं लिहू नकोस, व्हायवामध्ये तिथेच पकडतील. २०१५ मध्ये अमेरिकेत आईस्क्रीममधून लिस्टेरिया पसरल्याचं उघड झालं, १० जण आजारी, ३ मृत्यू. त्यातले ५ जण कॅन्ससमधल्या एकाच हॉस्पिटलचे पेशंट, दुसऱ्याच आजारांसाठी भरती झालेले, आणि त्यातल्या बऱ्याच जणांना त्या आईस्क्रीमचे मिल्कशेक दिले होते. तेच आईस्क्रीम बाहेर पुष्कळ लोकांनी खाल्लं आणि त्यांना काही झालं नाही. कोण खातंय, आणि गोठलेला पदार्थ वितळवून त्याचं पुढे काय केलं, हे दोन्ही तुझ्या कागदावर यायला हवं.

आणि 'वाढत नाही म्हणजे जोखीम कमी' हा नियम सगळ्या जंतूंना लावू नकोस. कॅम्पिलोबॅक्टर दुधात वाढतच नाही. पण एका इंग्रज डॉक्टरने स्वतःवर प्रयोग करून ५०० जंतू दुधातून प्यायले आणि तो आजारी पडला, १९८१ मध्ये छापून आलंय. (असले प्रयोग तू करू नकोस.) पाचशे म्हणजे काहीच नाही गं. तिथे वाढ बघून उपयोग नाही, कच्च्या दुधात शेणाचा कण पडू न देणं आणि दूध तापवणं, एवढंच हातात आहे.

प्रश्न: तान्ह्या बाळाची दूध पावडर तर सीलबंद असते, मग कोमट पाण्यात कालवली तर काय बिघडलं?

उत्तर: सीलबंद आहे, निर्जंतुक नाही. कोरड्या पावडरीत क्रोनोबॅक्टर नावाचा जंतू महिनोन्‌महिने तग धरतो आणि तो दोन महिन्यांच्या आतल्या आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या मेंदूपर्यंत जाऊ शकतो. क्वचित होतं, पण झालं तर फार वाईट. डब्ल्यूएचओची २००७ पासूनची सूचना अशी की पाणी उकळून, ते ७० अंशांच्या खाली उतरायच्या आत त्यात पावडर घालायची, मग बाटली नळाखाली धरून थंड करायची, मनगटावर थेंब टाकून बघायचा आणि लगेच पाजायचं. उरलेलं दोन तासांनंतर फेकायचं. कोमट पाणी जंतूला मारत नाही, उलट त्याला मस्त मानवतं.

प्रश्न: आम्ही फळांचं दही बनवतो. साखर निम्म्यावर आणून गोडी दुसऱ्या स्वीटनरने भरून काढायचा विचार आहे. दही आंबट असतं त्यामुळे सेफच असतं ना, परत सगळं तपासायची गरज आहे का?

उत्तर: आहे. दह्याचा भाग तसा बरा असतो, पीएच ४.५ च्या आसपास आला की बहुतेक रोगजंतूंना वाढता येत नाही, जरी ई. कोलाय ओ१५७ (ई. कोलायचा एक घातक प्रकार) सारखे काही आंबटपणात काही दिवस नुसते टिकून राहतात. माझी काळजी तुमच्या दह्याची कमी आणि फळाच्या गराची जास्त आहे.

१९८९ मध्ये ब्रिटनमध्ये हेझलनटच्या दह्यातून बोटुलिझम (जंतूच्या विषाने होणारा जीवघेणा लकवा) झाला, २७ जण आजारी, एक मृत्यू. दही ठीक होतं. त्यात घालायचा हेझलनटचा गर डबाबंद यायचा, आणि कमी गोड आवृत्तीसाठी त्यातली साखर काढून ॲस्पार्टेम घातलं होतं. साखर तिथे फक्त गोडीला नव्हती, ती पाणी बांधून ठेवत होती आणि जंतूला पाणी मिळू देत नव्हती. साखर गेली, डबा तापवायची पद्धत जुनीच राहिली, बीजाणू मेले नाहीत, बंद डब्यात हवा नाही, क्लॉस्ट्रिडियम बोटुलिनमला अजून काय पाहिजे. कारखान्यात कुणी काही घाण केली नव्हती, फक्त रेसिपीतली एक ओळ बदलली होती.

तेव्हा गर कोण पुरवतं त्यांना आधी फोन करा आणि विचारा की कमी साखरेच्या गराचा पीएच किती, वॉटर ॲक्टिव्हिटी (जंतूला वापरता येईल असं मोकळं पाणी) किती, आणि तापवण्याचं वेळ-तापमान नव्या रेसिपीसाठी परत काढलंय का जुनंच चालू आहे. तोंडी उत्तर घेऊ नका. तुमच्याकडे गर उघडल्यावर किती दिवस ठेवता तेही मोजा, जास्त साखरेचा गर आठवडाभर टिकायचा म्हणून नवाही टिकेल असं नाही. आणि पहिल्या तीन-चार बॅचेस विकायच्या आधी शेवटच्या तारखेपर्यंत स्वतःच्या फ्रीजमध्ये ठेवून बघा, एक चांगल्या फ्रीजमध्ये आणि एक मुद्दाम ८-१० अंशांवर, कारण तुमचं दही घेणाऱ्याचा फ्रीज कसा आहे ते तुमच्या हातात नाही, माझाच ९ वर होता.